शेजारचा संगणक दिसेनासा होतो तेव्हा

ग्रामपंचायत कार्यालय असो, मामलेदार कचेरी असो अथवा माध्यमिक विद्यालयातील संगणक-कक्ष असो, दोन-चार संगणक, एखादा प्रिंटर आणि त्यांना एकत्र बांधणारा राऊटर आता बहुतेक ठिकाणी आढळतो. एका इमारतीत किंवा आवारात परस्परांशी जोडलेल्या अशा साधनांच्या समूहास स्थानिक संगणक-जाळे असे म्हणतात. या जाळ्यामुळे एका संगणकावरील नोंदवही दुसऱ्या संगणकावरून पाहता येते आणि एकच प्रिंटर सर्वांना वापरता येतो. जाळे सुरळीत चालते तोपर्यंत त्याचे अस्तित्वही कोणाच्या ध्यानात येत नाही. एखाद्या सकाळी मात्र काल दिसणारा संगणक पडद्यावरील यादीतून नाहीसा झालेला असतो, प्रिंटर सापडत नसल्याचा संदेश उमटतो आणि दाखल्यासाठी आलेल्या नागरिकांची रांग दारापर्यंत जाते.

अशा प्रसंगी घाईघाईने दोन उपाय योजले जातात आणि ते दोन्ही नुकसानकारक ठरतात. पहिला उपाय म्हणजे नोंदवही पेन ड्राइव्हवर उतरवून दुसऱ्या संगणकावर नेणे. त्यामुळे एकाच नोंदवहीच्या दोन प्रती होतात, दोन्हींमध्ये वेगवेगळ्या नोंदी पडतात आणि महिन्याभराने खरी कोणती हे कोणासही सांगता येत नाही. घरपट्टी भरूनही थकबाकीदारांच्या यादीत नाव राहण्याचे प्रकार अशातूनच उद्भवू शकतात. दुसरा उपाय म्हणजे संगणकाची सर्व संरक्षक दारे उघडून टाकणे. त्याने काम त्या दिवसापुरते होते, परंतु गावकऱ्यांची खासगी माहिती कोणाच्याही हाती पडण्याचा मार्ग मोकळा होतो. वस्तुतः संगणक दिसेनासा होण्याची कारणे मोजकीच असतात आणि क्रमाने शोध घेतल्यास ती बहुधा कार्यालयातच दूर करता येतात.

दिसणे, पोहोचणे आणि प्रवेश मिळणे

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. संगणक यादीत दिसणे, त्याच्यापर्यंत पोहोचता येणे आणि त्यातील माहिती उघडण्याची अनुमती मिळणे या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. घराच्या दारावर नावाची पाटी नसली म्हणजे घरात कोणी राहत नाही असे होत नाही. पत्ता ठाऊक असणारा तेथे जातोच. आणि दारापर्यंत गेलेल्या प्रत्येकास आत घेतलेच जाते असेही नाही. संगणकाच्या बाबतीतही पाटी, वाट आणि कुलूप ही तीन वेगळी ठेवावीत. बिघाड या तिहींपैकी कोठे आहे हे कळले म्हणजे अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

साधने एकमेकांस कशी ओळखतात

जाळ्यातील प्रत्येक साधनास एक क्रमांकित पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१० हा असा एक पत्ता आहे. १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे तेच पत्ते एकाच वेळी हजारो कार्यालयांत निर्वेधपणे वापरले जातात. संगणक सुरू होताच तो जाळ्यात विचारणा करतो आणि राऊटर त्यास ठरावीक मुदतीसाठी पत्ता नेमून देतो. पत्ते वाटण्याच्या या पद्धतीस डीएचसीपी असे नाव असून तिचे प्रमाण प्रथम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले.

पत्ता मिळाल्यानंतरचा प्रश्न ओळखीचा. जुन्या काळी गावात एखादी गोष्ट सर्वांना कळवावयाची झाल्यास दवंडी पिटली जाई. संगणकही नेमके हेच करतात. 'अमुक पत्ता कोणाचा आहे?' अशी हाक एक संगणक सर्वांना देतो आणि ज्याचा तो पत्ता असेल तो आपला यांत्रिक ओळख-क्रमांक कळवितो. ही पद्धत एआरपी या नावाने ओळखली जाते व तिचे प्रमाण १९८२ पासून उपलब्ध आहे. 'येथे कोणकोणती साधने आहेत?' आणि 'मी अमुक नावाचा संगणक आहे' अशा हाकाही याच रीतीने दिल्या जातात.

दवंडीचा एक गुण येथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ती वेशीबाहेर जात नाही. जाळ्याची वेस म्हणजे राऊटर होय. राऊटरच्या एका बाजूस दिलेली हाक दुसऱ्या बाजूस साधारणपणे पोहोचत नाही. संगणक दिसेनासा होण्याच्या पुष्कळ तक्रारींचे मूळ या एका वाक्यात आहे.

जुनी यादी आणि नवी यादी

विंडोज प्रणालीत शेजारी संगणकांची यादी दाखविण्याची रीत गेल्या काही वर्षांत पालटली आहे. तिची माहिती नसल्यामुळे अनेकांचा गोंधळ उडतो. पूर्वी ही यादी नेटबायॉस या १९८३ मधील पद्धतीवर आधारलेली होती. जाळ्यातील एक संगणक आपोआप यादीचा कारभारी म्हणून निवडला जाई, इतर संगणक साधारणतः दर १२ मिनिटांनी त्यास आपली उपस्थिती कळवीत आणि तीन वेळा हजेरी चुकल्यावरच नाव वगळले जाई. त्यामुळे बंद केलेला संगणक अर्धा तास यादीत दिसत राही आणि नुकताच सुरू केलेला काही काळ दिसत नसे.

या व्यवस्थेचा आधार असलेल्या एसएमबी-१ या जुन्या पद्धतीत गंभीर दोष होता. मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये प्रसृत केली. ज्यांनी ती बसविली नव्हती अशा संगणकांवर १२ मे २०१७ पासून 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रणालीने आघात केला. ती एका संगणकात शिरली की जाळ्यातील इतर संगणकांत आपण होऊन पसरत असे व त्यांतील माहिती कुलूपबंद करून पैशांची मागणी करीत असे. ब्रिटनमधील सार्वजनिक रुग्णालयांचे कामकाजही त्या वेळी विस्कळीत झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्याने बसविलेल्या प्रणालीत एसएमबी-१ वगळण्यात येऊ लागले. त्याबरोबर जुनी यादीही गेली. आता हे कार्य डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ही नवी पद्धत करते. प्रिंटर व भ्रमणध्वनी संच यांच्यासाठी मुख्यतः एमडीएनएस ही पद्धत वापरली जाते. तिचे प्रमाण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

तपासणीचा क्रम

बिघाड शोधताना खालून वर जावे, म्हणजे आधी तार, मग पत्ता, मग वाट, मग पाटी आणि शेवटी कुलूप पाहावे. मधलीच पायरी गाठल्यास वेळ वाया जातो.

पहिली पायरी : तार व वीज. जो संगणक दिसत नाही तो चालू आहे काय आणि निद्रावस्थेत तर गेलेला नाही ना, हे पाहावे. झोपलेला संगणक हाकेस उत्तर देत नाही. त्यानंतर तार ज्या खाचेत बसविली आहे तेथील लहान दिवा पाहावा. दिवा मुळीच लागत नसेल तर तार सैल आहे, कुरतडली गेली आहे किंवा खाच निकामी झाली आहे असे समजावे. वळवाच्या पावसात होणाऱ्या विजांच्या कडकडाटानंतर स्विचची एखादीच खाच जळून बाकीच्या शाबूत राहिल्याचे आढळते. तीच तार दुसऱ्या खाचेत लावून पाहिल्यास याचा तत्काळ उलगडा होतो.

दुसरी पायरी : पत्ता. दोन्ही संगणकांवर आज्ञा-पटल उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा रोमन लिपीत टंकित करावी. येणाऱ्या उत्तरात त्या संगणकाचा पत्ता असतो. तो १६९.२५४ ने आरंभ होत असेल तर राऊटरकडून पत्ता मिळालेला नाही व संगणकाने तात्पुरता पत्ता स्वतःच धारण केला आहे, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी राऊटर व त्याकडे जाणारी तार तपासावी आणि राऊटर पूर्ण सुरू झाल्यावर संगणक पुन्हा चालू करावा.

तिसरी पायरी : वाडा एकच आहे काय? पत्त्यासोबत २५५.२५५.२५५.० असा एक आकडा दिसतो. याचा अर्थ पत्त्याचे पहिले तीन भाग हे वाड्याचे नाव व शेवटचा भाग हा घराचा क्रमांक होय. एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१० आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१२ असेल, तर ते दोन वेगळ्या वाड्यांत आहेत व एकाची दवंडी दुसऱ्यास ऐकू जाणार नाही. हा प्रकार बहुधा दुसरा राऊटर जोडल्यामुळे घडतो. वाय-फायची सोय व्हावी म्हणून कोणी जादा राऊटर आणून मूळ तार त्याच्या 'वॅन' खाचेत लावतो आणि नकळत गावात दुसरी वेस उभी राहते. हे टाळण्यासाठी तार 'लॅन' खाचेत लावावी, जादा राऊटरचा स्वतःचा पत्ता पहिल्याहून भिन्न, परंतु त्याच वाड्यातील ठेवावा आणि त्याचे पत्तावाटपाचे कार्य बंद करावे. हे शेवटचे काम राहून गेल्यास एका गावात दोन कारभारी पत्ते वाटू लागतात आणि सकाळी चाललेले जाळे दुपारी बंद पडते.

चौथी पायरी : वाट. पत्ते एकाच वाड्यातील असतील तर 'पिंग' ही आज्ञा व तिच्यापुढे दुसऱ्या संगणकाचा पत्ता लिहावा. उत्तर आल्यास वाट मोकळी आहे. उत्तर न आल्यास मात्र तो संगणक बंद आहे असा निष्कर्ष काढू नये, कारण संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, अशा हाकेस उत्तर देण्यास मनाई करू शकते. त्यासाठी लगेच 'एआरपी' ही आज्ञा, मध्ये जागा सोडून, आडवी रेघ व 'ए' हे अक्षर यांसह द्यावी. येणाऱ्या यादीत त्या पत्त्यापुढे यांत्रिक ओळख-क्रमांक दिसत असेल, तर तो संगणक जागा असून केवळ फायरवॉल आड येत आहे. क्रमांक नसेल तर तो बंद आहे, जोडलेला नाही किंवा मध्ये कोणी अडवीत आहे. या एका चाचणीने पुष्कळ तर्कवितर्क वाचतात.

पाचवी पायरी : पाटी. वाट मोकळी असूनही संगणक यादीत दिसत नसेल तर दोष पाटीचा आहे. विंडोज प्रत्येक जाळ्यास 'पब्लिक' म्हणजे सार्वजनिक किंवा 'प्रायव्हेट' म्हणजे खासगी असे समजते. सार्वजनिक जाळ्यात, जसे रेल्वे स्थानकावरील वाय-फाय, संगणकाने स्वतःस लपवून ठेवणे इष्टच असते. नवे जाळे प्रथम सार्वजनिकच धरले जात असल्यामुळे राऊटर बदलल्यावर काल दिसणारे संगणक आज अदृश्य होतात. कार्यालयाच्या स्वतःच्या जाळ्यासाठी सेटिंगमध्ये प्रायव्हेट हा पर्याय निवडावा आणि प्रगत सहभाग-रचनेत 'नेटवर्क डिस्कव्हरी' चालू करावी. हे दोन्ही संगणकांवर करावे लागते.

एवढ्याने भागले नाही तर 'सर्व्हिसेस' या यादीतील दोन सेवा पाहाव्यात. 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा आपली पाटी लावते आणि 'फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट' ही सेवा इतरांच्या पाट्या वाचते. जो संगणक दिसत नाही त्यावर पहिली सेवा बंद असल्याचे अनेकदा आढळते. ती स्वयंचलित प्रकारावर ठेवून सुरू करावी. बाहेरून विकत घेतलेली विषाणूरोधक प्रणाली स्वतःची फायरवॉल चालवीत असल्यास तिच्यातही हे जाळे विश्वासाचे म्हणून नोंदवावे. संगणकावर व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून पाहावा, कारण त्यामुळे शेजारची साधने दृष्टीआड होऊ शकतात.

शाळांच्या संगणक-कक्षांत आणखी एक कारण संभवते. एका संगणकाची प्रणाली तयार करून तिचीच नक्कल इतरांवर उतरविली असल्यास सर्वांचे नाव एकच राहते. एका वर्गात एकाच नावाचे दहा विद्यार्थी असावेत तसा हा प्रकार होय. प्रत्येकास वेगळे व १५ अक्षरांच्या आतील रोमन नाव द्यावे.

सहावी पायरी : कुलूप. संगणक दिसतो, परंतु उघडताना नाव व परवलीचा शब्द विचारतो आणि दिलेला शब्द नाकारतो, ही तक्रारही नित्याची आहे. येथे समोरच्या संगणकावरील खात्याचे नाव व त्याचा परवलीचा शब्द द्यावयाचा असतो. पडदा उघडण्यासाठी वापरला जाणारा चार-सहा आकडी पिन जाळ्यातून चालत नाही. परवलीचा शब्दच नसलेल्या खात्यासही विंडोज जाळ्यातून प्रवेश नाकारते. यावरचा योग्य उपाय म्हणजे सहभागासाठी एक स्वतंत्र खाते उघडून त्यास सशक्त परवलीचा शब्द देणे.

यादी दुरुस्त होईपर्यंत काम अडवून ठेवण्याचे कारण नाही. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा व त्यांपुढे समोरच्या संगणकाचा पत्ता लिहिल्यास, पाटी नसतानाही थेट दारापर्यंत जाता येते.

प्रिंटर आणि वाय-फाय

वीज जाऊन आल्यानंतर प्रिंटर सापडत नाही, याचे कारण बहुधा असे असते की राऊटरने त्यास नवा पत्ता दिलेला असतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत राहतो. प्रिंटरच्या पटलावरून त्याचा सध्याचा पत्ता पाहून ही गोष्ट पडताळता येते. कायमचा उपाय म्हणजे राऊटरमध्ये प्रिंटरच्या यांत्रिक क्रमांकापुढे एक पत्ता राखून ठेवणे. नोंदवही ज्या संगणकावर आहे त्यासाठीही तसेच करावे.

भ्रमणध्वनीवरून प्रिंटर दिसत नसेल तर भ्रमणध्वनी 'गेस्ट' म्हणजे पाहुण्यांच्या वाय-फायवर तर नाही ना, हे पाहावे. त्या जाळ्यातून इंटरनेट मिळते, परंतु घरातील इतर साधने मुद्दाम लपविलेली असतात. काही राऊटरमध्ये 'आयसोलेशन' नावाची रचना असते. ती चालू असल्यास एकाच वाय-फायवरील दोन साधनेही एकमेकांस पाहू शकत नाहीत. नागरिकांसाठी खुल्या ठेवलेल्या वाय-फायवर ही रचना चालूच ठेवावी. कार्यालयीन जाळ्यावर ती बंद करता येते.

काय करू नये

यादीत संगणक दिसावा म्हणून एसएमबी-१ पुन्हा चालू करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो स्वीकारू नये. दिसण्यासाठी त्याची आता आवश्यकता नाही आणि २०१७ मध्ये जो मार्ग आघातास उपयोगी पडला तोच त्यामुळे पुन्हा उघडतो. जुने प्रतिमुद्रण यंत्र छाननी केलेले कागद केवळ याच पद्धतीने संगणकात पाठवीत असेल, तर उत्पादकाची सुधारित प्रणाली बसवावी अथवा कागद ई-मेलने पाठविण्याची सोय वापरावी. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ या आवृत्तीपासून प्रो प्रकारात परवलीच्या शब्दाविना पाहुण्यास मिळणारा प्रवेश नाकारण्यात येतो. त्यामुळे जुनी साठवण-साधने अचानक उघडेनाशी झाल्यास त्यांवर खाते व परवलीचा शब्द निर्माण करावा. संगणकाचे संरक्षण शिथिल करू नये.

फायरवॉल चाचणीसाठी क्षणभर बंद केल्यास ती लगेच चालू करावी. तिला कायमची रजा देऊ नये. परवलीच्या शब्दाची अट काढून टाकणे आणि नोंदवहीचा कप्पा 'एव्हरीवन' म्हणजे सर्वांसाठी खुला करणे हे तर कटाक्षाने टाळावे. त्या कप्प्यात कोणाचा जन्म-मृत्यू, कोणाची थकबाकी, कोणा विद्यार्थ्याचे गुण व पालकांचे उत्पन्न नोंदलेले असते. ही माहिती कार्यालयाची मालमत्ता नसून नागरिकांनी विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातही अशी माहिती बाळगणाऱ्याने तिच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतली पाहिजे, असे तत्त्व अंतर्भूत आहे.

एक साधी नोंदवही

प्रत्येक कार्यालयाने व शाळेने एक पातळ वही या कामासाठी ठेवावी. तीत प्रत्येक संगणकाचे व प्रिंटरचे नाव, राखून ठेवलेला पत्ता, यांत्रिक क्रमांक आणि तार स्विचच्या कोणत्या खाचेत आहे हे लिहावे. राऊटर केव्हा बदलला व कोणी बदलला याचीही तारीख घालावी. परवलीचे शब्द मात्र या वहीत लिहू नयेत. संगणक दिसेनासा झाला की वही उघडावी, वर सांगितलेल्या सहा पायऱ्या क्रमाने चढाव्यात आणि कारण सापडल्यावर तेही नोंदवून ठेवावे. सचिवाची अथवा शिक्षकाची बदली झाली तरी वही तेथेच राहते आणि नव्याने येणाऱ्यास पहिल्यापासून शोध घ्यावा लागत नाही.

संगणक-जाळे हे विहिरीसारखे सामाईक साधन आहे. त्याचा दोर कोणासही ओढता यावा, पण पाणी गढूळ होणार नाही याची दक्षताही सर्वांनीच घ्यावयास हवी. ही दक्षता घेतली, तर दारातील रांग लवकर ओसरेल आणि दाखला घेऊन परतणाऱ्या नागरिकाच्या नोंदीही सुरक्षित राहतील.